पलीकडच्या काठावरचा माणूस

तळ्याच्या त्या फोटोत एक माणूस बसलाय हे मला तीन दिवसांनी कळलं.

पहाटे साडेपाचला काठावर ट्रायपॉड रोवला होता आणि ऊन कोवळं होतं तोवर, म्हणजे तास-सव्वा तास, मी तिथून हलले नव्हते. वारा पडलेला. समोरच्या टेकडीचं प्रतिबिंब पाण्यात जसंच्या तसं, दोन्हींच्या मधे धुक्याचा पातळ पट्टा. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, असं मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलंही. तिसऱ्या रात्री फाइल संगणकावर उघडली, शंभर टक्क्यांवर मोठी केली आणि शेत नांगरावं तशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पट्टा सरकवत निघाले. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेल्या उजेड टिपणाऱ्या तुकड्यावर, धूळ बसली की आकाशात राखाडी ठिपके उमटतात, ते शोधायचे होते. आकाशात तीन सापडले. चौथा पलीकडच्या काठावर, आणि तो धुळीचा नव्हता. खडकावर एक माणूस बसला होता. गुडघे पोटाशी घेतलेले, शेजारी सायकल टेकवलेली, तोंड पाण्याकडे. पाण्याकडे म्हणजे माझ्याकडे.

उंचीला तो चोवीस पिक्सेल भरला. मोजले मी. चोवीस पिक्सेलमध्ये चेहरा मावत नाही, पण बसण्याची ढब मावते. सायकलची दोन चाकं वेगवेगळी ओळखू येतात. त्या सकाळचे बाराही फोटो मग ओळीने उघडले. पहिल्या तिन्हींत खडक रिकामा. चौथ्यापासून बाराव्यापर्यंत तो तिथेच. मी एकांताचा आनंद घेत उभी होते आणि अर्धा किलोमीटर पलीकडून कोणीतरी माझ्याकडे बघत बसलं होतं. कदाचित तोही एकांतच शोधत आला असेल आणि काळ्या पेटीसमोर उभी असलेली ही बाई कधी एकदा जाते याची वाट बघत असेल.

मीडियम फॉरमॅटचा डिजिटल कॅमेरा हाती आल्यापासून असं वरचेवर होतं. फोटो काढताना मी जे पाहिलं त्याहून जास्त काहीतरी घरी येतं. डोंगराच्या फोटोत त्याची मला चटक लागली. माणसांच्या फोटोत मात्र त्याने मला एकदा चांगलंच अडचणीत आणलं.

मीडियम फॉरमॅट हे नाव जरा फसवं आहे. मीडियम म्हणजे मधला. कशाच्या मधला, तर एका बाजूला ३५ मिमीची छोटी फिल्म आणि दुसऱ्या बाजूला ४ × ५ इंच आणि त्याहून मोठ्या सुट्या शीट. १९०१ पासून चालत आलेली १२० नंबरची फिल्म रुंदीला सुमारे ६ सेंमी. तिच्यावर ६ × ४.५, ६ × ६, ६ × ७ अशा चौकटी पडायच्या. डिजिटल आलं तेव्हा वारशात नाव मिळालं, माप काही मिळालं नाही. आज बहुतेकांकडे जो डिजिटल मीडियम फॉरमॅट असतो त्याचा सेन्सर ४४ × ३३ मिमीच्या आसपास. फिल्मवरची लहानात लहान, ६ × ४.५ची चौकटसुद्धा प्रत्यक्षात ५६ × ४१.५ मिमी असायची. फेज वन कंपनीच्या १५० मेगापिक्सेलच्या डिजिटल बॅकमधला (बॅक म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीला जोडायचा सेन्सरचा डबा) ५३.४ × ४० मिमीचा सेन्सरही तिच्यापुढे थोडा तोकडाच. आजोबांचा कोट नातवाने उसवून स्वतःच्या मापाचा करून घ्यावा आणि आतली शिंप्याची पट्टी तेवढी जपून ठेवावी, तसा हा प्रकार.

तरी फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, ३६ × २४ मिमीशी तुलना केली तर ४४ × ३३चं क्षेत्रफळ १.७ पटीच्या जवळ जातं. या १.७ पटीने नेमकं काय मिळतं यावर फोटोग्राफर मंडळी हमरीतुमरीवर येतात. एक गट म्हणतो, या फोटोंना एक वेगळाच ‘लुक’ असतो, तो शब्दांत सांगता येत नाही. दुसरा गट कॅल्क्युलेटर काढतो. मी दोन्हीकडे राहून आले आहे आणि मला कॅल्क्युलेटरवाले बरोबर वाटतात. एफचा आकडा लेन्सचं छिद्र सांगतो, आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. या सेन्सरवर ११० मिमीची एफ/२ लेन्स म्हणजे फुल फ्रेमवर साधारण ८७ मिमी, एफ/१.६. फुल फ्रेमसाठी ८५ मिमीच्या एफ/१.४, एफ/१.२ लेन्स कधीच्याच आहेत, तेव्हा मागचं सगळं धूसर करून टाकणं ही काही मीडियम फॉरमॅटची मिरासदारी नाही. पिक्सेलचंही तेच. १०० मेगापिक्सेलच्या ४४ × ३३ सेन्सरवरचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, ६१ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवरचाही ३.७६ मायक्रॉनचाच. एकाच ठाणातलं कापड. एकाने उशीच्या अभ्र्याएवढं फाडून घेतलं, दुसऱ्याने चादरीएवढं. वीण तीच, पसारा जास्त.

मग वेगळं काय? तेवढ्याच प्रिंटसाठी चित्र कमी ताणावं लागतं. त्याच एफ-नंबरला अर्ध्या-पाऊण स्टॉपएवढा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश गोळा होतो. चौकट ४:३ची असते, ती मला ३:२च्या लांबुळक्या चौकटीपेक्षा जास्त मानवते, विशेषतः उभी धरल्यावर; ३:२ची उभी चौकट मला नेहमी अर्ध्या उघड्या दारातून बघितल्यासारखी वाटते. आणि या सेन्सरसाठी बनवलेल्या लेन्स बहुतेक फार चांगल्या असतात, कारण वाईट असून त्यांना चालणारच नाही. यातलं कुठलंही एक कारण सांगून कुणाला पटवता येणार नाही. फोनवर पोस्टकार्डाएवढे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले तर मलाही कुठला कशावर काढलाय हे सांगता येणार नाही. हे कबूल केलं की माझे काही मित्र दुखावतात.

हा कॅमेरा खांद्याला लावून टेकडी चढता येते ही गोष्ट तशी नवी आहे. नव्वदच्या दशकात डिजिटल बॅक स्टुडिओत संगणकाला वायरीने बांधलेली असायची. २०१० मध्ये पेंटॅक्सचा ४० मेगापिक्सेलचा ६४५डी आला, तो पावसापाण्यात नेता यायचा पण अंगाने चांगलाच थोराड. २०१६ मध्ये हॅसलब्लाडने एक्स१डी आणून आतला आरसा काढून टाकला आणि २०१७ मध्ये फुजीफिल्मचा जीएफएक्स ५०एस बाजारात आला. त्या पिढीतला, कुणीतरी वापरून विकलेला एक ५१ मेगापिक्सेलचा कॅमेरा माझ्याकडे आहे. ऑटोफोकस आजच्या मानाने आळशी. उडता पक्षी दिसला की मी कॅमेरा खाली करते आणि पक्षी बघते.

डोंगर मात्र थांबून राहतात. निदान मला तसं वाटायचं.

पहिल्या वर्षी मी या कॅमेऱ्याकडून जे शिकले ते सगळं अपमान करून शिकवलेलं होतं. ३२ मिमीची लेन्स, एफ/११. कोष्टक सांगतं की सुमारे अडीच मीटरवर फोकस ठेवा, अनंतापर्यंत सगळं स्वच्छ येईल. तसं ठेवलं. घरी येऊन बघितलं तर जवळचे दगड कोरून काढल्यासारखे आणि मुख्य डोंगर, ज्याच्यासाठी एवढी यातायात केली तो, चष्मा विसरून बघितल्यासारखा. चूक कोष्टकाची नव्हती. ती कोष्टकं बेतशीर आकाराचा प्रिंट बेतशीर अंतरावरून बघणाऱ्या माणसासाठी केलेली असतात. मी स्क्रीनला नाक लावून एकेक पिक्सेल बघत होते. तसंच बघायचं असेल तर तोच हिशेब नऊ मीटरच्या आसपास जातो, आणि मग जवळचे दगड हातचे जातात.

मग छिद्र आणखी लहान करावं म्हटलं, तर तिथे प्रकाशाचाच स्वभाव आडवा येतो. अरुंद फटीतून जाताना तो पसरतो. एफ/११ला एका बिंदूची चकती सुमारे १५ मायक्रॉनची होते, एफ/१६ला २१ मायक्रॉनच्या वर. माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ५.३ मायक्रॉनचा, म्हणजे एफ/१६ला एक बिंदू चार पिक्सेलवर सांडतो. सगळं फोकसमध्ये आणि सगळं थोडं मऊ. लहान सेन्सरवरही हे होतच असतं, फक्त तिथे आपण इतक्या जवळ जाऊन बघत नाही.

उरला एकच मार्ग: एफ/८ला राहायचं, फोकस जवळून लांब सरकवत चार-पाच फोटो काढायचे आणि घरी येऊन एकावर एक रचायचे. फोकस स्टॅकिंग. ऐकायला सोपं आहे. पण त्या चार-पाच फोटोंच्या मधल्या दहा-वीस सेकंदांत गवत हलतं, ढग सरकतो, पाण्यावर एक तरंग येऊन जातो. रचलेल्या फोटोत मग एकाच गवताच्या पात्याला दोन शेंडे फुटलेले दिसतात. मी वाऱ्याची वाट बघायला शिकले ती अशी. म्हणजे वारा पडण्याची. वाऱ्यालाही श्वास असतो. दोन झुळुकांच्या मधे एक पोकळी येते, कधी पाच सेकंदांची, कधी अर्ध्या मिनिटाची. केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची वायर, हातात धरून त्या पोकळीची वाट बघणं हा या छंदातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, आणि त्यात कॅमेऱ्याचा तसा काही संबंध नाही.

एकदा मात्र याच वाऱ्याने पुरता मामा बनवला. ट्रायपॉड स्थिर राहावा म्हणून मधल्या दांडीच्या आकड्याला बॅग अडकवावी, असं जो तो सांगतो. मी अडकवली. बॅग जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिली आणि वाऱ्यावर घड्याळाच्या लंबकासारखी झुलू लागली. सगळी सकाळ मी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे फोटो काढत होते आणि खाली माझीच बॅग ट्रायपॉडला झोके देत होती. एकही फोटो वाचला नाही. तेव्हापासून बॅग टेकेल एवढी खाली घेते किंवा अडकवतच नाही. कॅमेऱ्याच्या शटरचा धक्का टाळावा म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर त्याचीही एक खोड आहे. एवढा मोठा सेन्सर वरून खाली वाचायला त्याला वेळ लागतो, तेवढ्यात पातं हललं तर ते मोडल्यासारखं वाकडं उमटतं.

एवढी कटकट आणि मिळतं काय? पहाटेचं आकाश. क्षितिजाजवळ फिकट केशरी, मग रंग आहे की नाही असा पट्टा, मग निळा, मग त्याहून निळा. आणि यातला कुठला रंग कुठे संपला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. १४ बिट म्हणजे प्रत्येक पिक्सेलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. काही कॅमेरे १६ बिटचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचे असतात. पण त्या वाढीव पायऱ्यांवर बहुतेक वेळा नॉइजच, म्हणजे सेन्सरची नको असलेली खरखर, बसलेला असतो, म्हणून मला त्याचा हेवा वाटत नाही. मला आवडतात त्या सावल्या. सूर्य समोर असताना आकाश जळू नये म्हणून मी एक्स्पोजर कमी ठेवते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर खालची दरी काळी ठिक्कर दिसते. घरी येऊन ती सावली हळूहळू उजळली की विहिरीत दिवा सोडल्यासारखं एकेक वर येतं. दगड, मग दगडावरचं शेवाळ, मग शेवाळातून गेलेली पाण्याची ओल. तिथे उभी असताना मला यातलं काहीही दिसलं नव्हतं. डोळे आकाशाने दिपलेले होते.

अमेरिकन निसर्गफोटोग्राफर अॅन्सल अॅडम्सने १९६० मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोमच्या कड्यावर उगवलेला चंद्र टिपला, तो हॅसलब्लाडवर, २५० मिमीच्या लेन्सने. आयुष्यभर जाडजूड लाकडी कॅमेरे आणि मोठ्या शीट वाहणाऱ्या माणसाने चौकोनी, हातात मावणारी पेटी उचलली. त्याच्यासाठी हा कॅमेरा लहान होता; आपल्याला तो मोठा वाटतो. बघणारा कुठून आलाय यावर सगळं असतं.

आता माणसं.

सत्तरी ओलांडलेली माझी आत्या. खिडकीशेजारी खुर्ची, खिडकीला पातळ पडदा, दिवा एकही नाही. ११० मिमीची लेन्स एफ/२ला उघडलेली, मधे दीड मीटरचं अंतर. या हिशेबात फोकसमध्ये येणारा चेहऱ्याचा काप नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे अडीच सेंटीमीटरचा आणि माझ्या नाक लावून बघण्याप्रमाणे सात-आठ मिलिमीटरचा. जवळच्या डोळ्याच्या पापण्यांवर फोकस बसला तर लांबचा डोळा सुटतो. आत्या श्वास घेते, बोलते, हसली की अर्धा इंच पुढे येते. हल्लीचे कॅमेरे स्वतःच डोळा शोधून धरतात. माझ्याला तेवढं भान नाही, त्यामुळे फोकसचा चौकोन मीच सरकवत राहते.

ट्रायपॉड कंबरेएवढा खाली घेऊन मी मागची स्क्रीन वर उचलली आणि मान खाली घालून बघू लागले.

“खाली काय बघतेस? मी इथे आहे,” आत्या म्हणाली.

मला हे वरून, मान तुकवून बघणं आवडतं. १९२९ मध्ये रोलीफ्लेक्स आला तेव्हापासून दोन-तीन पिढ्यांच्या फोटोग्राफरांनी असंच, कॅमेरा पोटाशी धरून, वरच्या काचेत डावं-उजवं उलटलेलं चित्र बघत माणसं टिपली. समोर बसलेल्याला एका डोळ्याचं यंत्र दिसत नाही, खाली वाकलेला एक भांग दिसतो. माणसं त्याने सैल होतात. आत्याही झाली, माझ्या केसांना तेल नाही यावर ती दोन मिनिटं बोलली आणि त्या दोन मिनिटांत मी सहा फोटो काढले.

मग मी ती चूक केली. सहावा फोटो स्क्रीनवर आणला, पापण्यांवर फोकस अचूक बसला होता म्हणून खुशीत येऊन शंभर टक्क्यांवर मोठा केला आणि तिच्यासमोर धरला. बघ, एकेक पापणी मोजता येते.

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“अगं, आरशातसुद्धा मी स्वतःच्या इतकी जवळ जात नाही,” ती म्हणाली. आणि मग, अगदी शांतपणे, “पुस हे.”

मी पुसलं नाही, पण कॅमेरा बंद केला. दोघींनाही उगीचच इकडचं तिकडचं बोलावं लागलं.

त्या रात्री फाइल उघडायचं धाडस होईना. इतक्या जवळून आपल्याकडे बघण्याचा अधिकार आयुष्यात फार थोड्यांना मिळतो: ज्यांनी न्हाऊ-माखू घातलं त्यांना, आपल्या कुशीत झोपणाऱ्यांना, एखाद्या डॉक्टरला. बाकी सगळ्यांशी आपण हातभर अंतर ठेवून बोलतो, आणि त्या अंतरावरून जेवढं दिसतं तेवढाच आपला चेहरा लोकांच्या मालकीचा असतो. हा कॅमेरा ते अंतर ओलांडून आत येतो आणि दार वाजवत नाही. डोंगराला याचं काही वाटत नाही. त्याच्या कपारीत मी दोनशे टक्क्यांनी डोकावले तरी तो तसाच बसून असतो. दगडावरच्या शेवाळासाठी जी तीक्ष्णता मला देणगी वाटते तीच आत्याच्या गालावर आगाऊपणा होते. सेन्सरला यातला फरक कळण्याचं कारण नाही. मला कळायला हवा होता.

फाइल उघडली दोन आठवड्यांनी. फोटोशॉपवाल्यांचा एक ठरलेला नियम असतो: महिन्याभरात जे जाणार आहे ते काढा, जे राहणार आहे ते ठेवा. म्हणजे पुटकुळी काढा, सुरकुती ठेवा. नियम बरा आहे, पण तो मालकाला विचारत नाही. म्हणून मी या वेळी लॅपटॉप घेऊन आत्याकडेच गेले आणि दोघी शेजारी बसलो. मोठं करायचं बटण मी तिच्या हातात दिलं.

सुरुवातीला ती फोटो लांबच ठेवून बघत राहिली. मग स्वतःच एकेक पायरी जवळ जाऊ लागली. गळ्याच्या घड्या तिला मुळीच खटकल्या नाहीत. ओठांवरची लव खटकली, ती मी तिच्या देखत मऊ केली. मग ती डाव्या भुवईपाशी थांबली. भुवईच्या केसांत एक बारीक, पांढरट रेघ होती, तांदळाच्या दाण्याएवढी. जन्मभर मी तो चेहरा बघत आले आहे, मला ती रेघ माहीत नव्हती.

“ही काढायची?”

“थांब,” ती म्हणाली. “सात वर्षांची होते मी. पायरीवरून पडले होते.” आणि मग पंचाहत्तरीच्या आपल्या भावाबद्दल, म्हणजे माझ्या बाबांबद्दल, “तुझ्या बापाने ढकललं होतं. घरी सांगितलं की घसरली म्हणून. तेवढं राहू दे. त्याला दाखवायचंय.”

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट होती, ती मी तिला दाखवली नाही. बुबुळात खिडकी उमटली होती, पडद्याच्या चुण्यांसकट, आणि खिडकीच्या कडेला एक काळी आकृती: ट्रायपॉडचे तीन पाय आणि वर वाकलेली मान. १९६९ मध्ये अपोलो ११च्या वेळी चंद्रावर आर्मस्ट्राँगने ऑल्ड्रिनचा जो फोटो काढला, त्यात ऑल्ड्रिनच्या शिरस्त्राणाच्या सोनेरी काचेत आर्मस्ट्राँग स्वतः उभा दिसतो, पांढरा, एवढासा. तोही मीडियम फॉरमॅटच, छातीवर बसवलेला हॅसलब्लाड, ७० मिमीच्या फिल्मवर. बघायला व्ह्यूफाइंडरसुद्धा नव्हता. चंद्रावरच्या पायी फिरण्याच्या त्या फोटोंत आर्मस्ट्राँग फार थोडा सापडतो, कारण बहुतेक वेळ कॅमेरा त्याच्याकडेच होता. सापडतो तो असा, दुसऱ्याच्या काचेत. आत्याच्या बुबुळात मी पंधरा-वीस पिक्सेलांची असेन. तळ्याकाठच्या माणसाहून थोडी कमीच.

प्रिंटची वेळ आली तेव्हा काय करायचं ते माझं मलाच सुचलं. ५१ मेगापिक्सेलची फाइल ३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, छापली तर साडेसत्तावीस इंच रुंद होते, दीड हात. तळ्याचा फोटो मी तेवढा छापला, खरखरीत पोताच्या मॅट कागदावर. चकचकीत कागदावर पाणी जास्त ओलं दिसतं हे खरं, पण समोरच्या दिव्याचा ठिपकाही त्यात दिसतो. आत्याचा फोटो वीतभर छापला. शंभर एमबीहून जड फाइल आणि प्रिंट वीतभर. दुकानातल्या माणसाने पुन्हा विचारलं, एवढाच? एवढाच. वीतभर कागदावर पापण्या मोजता येत नाहीत, पण त्या आहेत हे कळतं. गालावरचा उजेड खिडकीकडून कानाकडे कुठेही न अडखळता वळत जातो. भुवईतली रेघ ज्याला माहीत आहे त्यालाच दिसते. लहान प्रिंटमध्ये एवढ्या मोठ्या सेन्सरचं काय उरतं असं मला कुणी विचारलं, तर मी ते शब्दांत सांगू शकणार नाही, म्हणजे मी पुन्हा त्या ‘लुक’वाल्यांच्या गटात जाऊन बसते. कॅल्क्युलेटरवाल्यांनी माफ करावं.

तळ्याचा फोटो घराच्या मोठ्या भिंतीवर लावला. त्या माणसाचं काय करायचं यावर बरेच दिवस घुटमळले होते. पुसणं दोन सेकंदांचं काम. धुळीचे तीन ठिपके पुसले तसा चौथा. रिकामा खडक असलेला तिसरा फोटोही हाताशी होताच, फक्त त्यात धुकं अजून वर उचललेलं नव्हतं. शेवटी तो राहिला. चांगलं धुकं त्याच्या वाट्याला आलं होतं.

येणारे-जाणारे तो फोटो बघतात ते दोन पावलं मागे जाऊन. मोठं चित्र असं बघायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. मान थोडी कलती करतात, छान आहे म्हणतात, कुठलं तळं विचारतात.

आत्या आली ती मागे गेली नाही. तिने चष्मा कपाळावर सरकवला, कागदाला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि डावीकडून उजवीकडे, एकेक पट्टा, बघत निघाली. टेकडी बघितली. धुकं बघितलं. पलीकडच्या काठावर येऊन थांबली. प्रिंटवर तो जेमतेम दोन मिलिमीटरचा आहे.

“हा कोण बसलाय?”

“माहीत नाही.”

“तुझ्याकडेच बघतोय की.”

“हो. मला तेव्हा दिसला नव्हता.”

“म्हणजे विचारलं नाहीस त्याला.”

“नाही.”

ती आणखी थोडी पुढे वाकली. तिच्या श्वासाने कागद ओलसर होईल अशी मला भीती वाटली, पण मी काही बोलले नाही.

“सायकल मात्र छान आलीय,” ती म्हणाली.